त्यायले काऊन नाई झालं?

बारावीला युरोपचा इतिहास शिकवताना मी ज्यू लोकांपाशी जरा जास्तच थांबते. पुस्तकात दोन ओळी आहेत, मी अख्खा तास घेते. त्या दिवशी सांगत होते, की तिकडे शेकडो वर्षं ज्यूंना जमीन घेऊ देत नसत, कारागिरांच्या संघात शिरू देत नसत, राहायला गावाचा वेगळा कोपरा देत. येशूला यांनीच मारलं, हे तर पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या कानावर घातलेलं. मग प्लेग आला, तेव्हा लोक म्हणाले, यांनीच विहिरीत विष कालवलं. प्लेगनं ज्यूही मरत होते, पण ते बघतो कोण!

मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आपल्या गावात घरोघरी हगवण आहे. तुमच्या मोहल्ल्यातच काऊन नाई झाली?"

आमचं गाव मूल तालुक्यातलं, धानाचं. भर रोवणीत, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, माणसं पटापट आडवी होत होती, आणि आमच्या बौद्ध मोहल्ल्यात एकही आजारी नव्हतं. कारण शेंबड्या पोरालाही कळावं. गावात नळाला गावविहिरीचं पाणी येतं, आणि तो नळ आमच्यापर्यंत कधी आलाच नाही. माझ्या आजोबांच्या वेळी गावविहिरीला हात लावू देत नसत, म्हणून त्यांनी आपली वेगळी विहीर खणली. आम्ही अजून तिचंच पाणी पितो. आधी वेगळं ठेवायचं, मग वेगळे काऊन म्हणून विचारायचं, वा रे वा! पण यातलं एक अक्षर मी वर्गात बोलले नाही. पुढचं पान काढा म्हणाले. भित्री कुठली!

माझी माय त्याच शाळेत खिचडी रांधते. दुसऱ्या दिवशी लहान पोरांनी ताटंच आणली नाहीत. संध्याकाळी ग्रामपंचायतीत सभा बसली, आणि यांनीच विहिरीत विष टाकलं, मायला कामावरून काढा म्हणून एकच गलका. मी बोलले तर म्हणतील मायची बाजू घेते, गप्प बसले तर म्हणतील मनात चोर आहे. माझं डोकं फिरलं. ताडकन उठले आणि म्हणाले, "आम्ही विष टाकलं म्हणता ना? माझी माय तुमच्यासमोर गावविहिरीचं पाणी पिऊन दाखवेल. मग तर झालं?"

सरपंच म्हणाले, "चालते."

घरी येताना डोकं ताळ्यावर आलं. ते पाणी खरंच नासलेलं होतं. माय आजारी पडली तर जिवाशी गाठ, आणि नाही पडली तर म्हणतील, हिला उतारा ठाऊक आहे. मी मायला सांगितलं, जाऊ नको, मी माफी मागते. तिनं पदर खोचला. "शब्द देल्ला ना तू? चाल मंग."

विहिरीभोवती निम्मं गाव जमलं होतं. मायनं स्वतः बादली ओढली. "माह्या मायले इथी पाय ठेवू देल्ला नाई," ती म्हणाली, "अन् आज मले म्हणता, पे." आणि गडवाभर पाणी एका दमात प्यायली.

तिसऱ्या दिवशी तिला जुलाब-उलट्या लागल्या. खरं सांगते, मला आनंद झाला. सख्खी माय सरकारी दवाखान्यात सलाईनवर, हात गार पडलेले, आणि मी मनात म्हणत होते, सुटलो बाई एकदाचे! बाहेर व्हरांड्यात गावातल्या दोन बाया बसल्या होत्या. मी धावतच जाऊन सांगितलं, "माह्या मायलेबी झालं!"

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "तिनं केलेलं तिच्यावरच उलटलं म्हणाचं."

त्याच दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला. खिचडीसाठी दुसरी बाई ठेवली होती.

मी आत गेले. मायनं डोळे उघडले. "आता तं पटलं ना त्यायले? सोमवारपासून खिचडीले जाऊ ना?"

मी हो म्हटलं.