चाचीचं ‘न्हाई’

अनय, रेवा, परवा औंधची चाची वारली. ते कळवायला आपल्याच घरातल्या एका बाईंचा फोन आला. “लय उद्धट होती. तिच्याच अपशकुनानं सुमनचं वाटोळं झालं,” असं त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि लिहायला बसले. ही गोष्ट त्यांच्या तोंडून तुमच्या कानावर पडण्याआधी मी सांगितलेली बरी. सुमन म्हणजे तुमची सांगलीची आजी, माझी थोरली बहीण.

चाची बांगड्या भरायची. औंधच्या बाजारात तिचं दुकान होतं, आणि लग्नसराईत ती डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरायची. आमच्या घरात ‘नाही’ म्हणायची पद्धत नव्हती. नको असलेल्या प्रत्येक गोष्टीला “बघू” म्हणत. चाची मात्र “न्हाई” म्हणायची आणि पुढे कारण द्यायची नाही. “चाची, ही लाल मला खुलते ना?” “न्हाई.” “घोटभर चहा घ्या.” “न्हाई.” आई चिडायची, “अगं, जरा गोड बोलावं माणसानं.” चाची हसायची. “वैनी, बघू म्हणलं की माणूस आशेवर बसतंय. न्हाई म्हणलं की उठून कामाला लागतंय.”

भरताना बांगडी फुटली तर आपल्याकडे ‘वाढवली’ म्हणतात. चाची “फुटली” म्हणायची आणि काच वेचायची.

सुमन एकोणीस वर्षांची असताना विट्याचं स्थळ आलं. मुलाचं सोनं गाळायचं दुकान दूर परराज्यात होतं. सुमनला कॉलेज पुरं करायचं होतं. तिने वडिलांना स्पष्ट सांगितलं, “मला हे लग्न करायचं नाही.” वडील म्हणाले, “बघू.” पुढच्या आठवड्यात तारीख ठरली.

चुडा भरायला चाचीला बोलावलं. घर बायकांनी भरलं होतं. सुमनने हात पुढे केला, पण मूठ घट्ट आवळलेली. चाचीने अंगठ्याचा सांधा चोळला, “हात सैल सोड, पोरी,” म्हणाली. मूठ सुटेना.

“लाजतीया गं,” काकी म्हणाली. “वढ की जरा.”

“लाजल्यावर हात गार पडतोय, वैनी. मूठ वळत न्हाई.” चाचीने सुमनच्या तोंडाकडे बघितलं. “लगीन करायचं न्हाई का तुला?”

“नाही,” सुमन म्हणाली. सगळ्यांसमोर, दुसऱ्यांदा.

थोरले काका पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. ते दारातूनच ओरडले, “तुला बांगड्या भराय बोलावलंय. पंचायत कराय न्हाई.”

“व्हय की. आनि मी भरणार न्हाई. ही मूठ उघडायची तर हाड मोडावं लागंल. आवं, ते तुमीच मोडा.” चाचीने पेटी उचलली आणि ती चालू लागली.

काकांनी जीप पाठवून दुसऱ्या गावचा कासार आणला. काकीने सुमनची बोटं एकेक करून उघडली. दोन बांगड्या फुटल्या, मनगटाला रक्त आलं. “वाढवल्या, वाढवल्या,” बायका म्हणाल्या. वडील ओसरीवर पान लावत बसले होते. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

दुसऱ्याच वर्षी सुमन एका पिशवीनिशी परत आली. तिकडे काय सोसलं ते तिचं तिने सांगावं. बोटं उघडणाऱ्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. दोष लागला चाचीला. आमचं दार तिला बंद झालं, भावकीनेही बोलावणं सोडलं. बापाने ऐकलं नाही ते एका बांगड्या भरणाऱ्या मुसलमान बाईने ऐकलं, हा त्यांचा खरा राग. अपशकुन वगैरे सगळी मागाहूनची सारवासारव.

मग एक दिवस सुमन मला घेऊन औंधला गेली. चाचीसमोर बसली आणि तिने उघडा हात पुढे केला. चाचीने तो लगेच धरला नाही.

“भरू?”

“भरा,” सुमन म्हणाली.

सुमनने कॉलेज पुरं केलं, सांगलीत शिक्षिका झाली, पण बांगड्या भरायला दर वर्षी औंधलाच जायची. गेल्या दिवाळीत चाचीला डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. बोटांनी चाचपून तिने निळ्या काचेच्या बांगड्या भरल्या, आणि त्याआधीही विचारलंच, “भरू?”

त्या बांगड्या सुमनच्या हातात आहेत. परवा एक फुटली. बाकीच्या आहेत.