लोकल बंद, लग्न बंद!

चहाचा घोट आधी गिळून घ्या मंडळी, नाहीतर नाकातून येईल! माझ्या अकलेचं दिवाळं किकवीत कसं निघालं, ते सांगतो.

तेव्हा मी मुंबईत नवा नवा कारकून होतो. विजेच्या लोकलनं कचेरीत जायचो. बस्स! एवढ्या भांडवलावर मी अख्ख्या भोर-वेल्ह्याला अडाणी समजायला लागलो.

किकवीला माझे थोरले चुलतभाऊ, तात्या. त्यांच्या शकूचं लग्न होतं. नवरदेवाकडचे मूळ वेल्ह्याकडचे, पण पोटासाठी परळच्या गिरणीत. वऱ्हाड मुंबईहून यायचं होतं. मुहूर्त गोरजाचा.

रजा काढून मी दोन दिवस आधीच भोरला घरी आलो होतो; लग्नादिवशी सकाळी तिथून सर्व्हिस मोटारीनं किकवीला उतरलो. हातात पुण्याचा पेपर. बातमी काय? मुंबईत भयंकर वादळ! झाडं पडली, तारा तुटल्या, लोकल बंद!

मी मांडवात उभा राहून ती खड्या आवाजात वाचली. वर निकालही देऊन टाकला, "तात्या, वऱ्हाड येत नाही. लग्न पुढं ढकला."

"आरं, पर सोयरं बोलल्यात की, येतु म्हून."

"बोलतील! लोकल बंद म्हणजे मुंबई बंद. शेणामातीच्या पलीकडचं तुम्हाला काय कळणार?"

वहिनी चुलीपासून म्हणाल्या, "भावजी, दुसऱ्या कशानं येत्याल की."

"वहिनी, ती मुंबई आहे, सारोळ्याचा बाजार नव्हे!"

आता अंगात कोट घातलेल्या माणसापुढं कोण बोलणार? वाजंत्रीवाल्यांना कामथडीच्या लग्नाला मीच पिटाळलं. रांधलेलं नासेल म्हणून गावाची पंगत मीच बसवली. वर आग्रह! शकू आत रडत होती. तिला म्हटलं, "वेडी का तू? लोकल सुरू झाली की येईल तुझा नवरा."

दुपार कलली. पातेल्याच्या बुडाची लापशी मी माझ्या पानात वाढून घेतली आणि पहिला घास तोंडात घालतोय, तोच सडकेवर भोंगा वाजला.

लॉरी! ताडपत्रीखालून वऱ्हाड उतरतंय. चिंब. नवरदेवाचा फेटा ओघळून कानावर आलेला.

व्याही मांडवात शिरले. समोर उष्ट्या पत्रावळ्या आणि माझ्या मिशीला लापशी.

"आमच्या आदी जेवलं कोन?"

"अहो, पण... लोकल बंद आहेत ना?" मी.

"व्हय, बंदच हाईत. मग?"

"मग तुम्ही आलात कसे?"

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. असं, जसं बाजारात कुणी खोडीचा बैल बघतं. "पावणं, किकवीला लोकल येती व्हय?"

मग वहिनी फस्सकन हसल्या, आणि झालं! अख्खं गाव पोट धरून लोळायला लागलं.

"लॉरी कवाच ठरवली हुती," व्याही तात्यांना म्हणाले. "वाटंत झाडं पडल्याली. समद्यांनी मिळून वढून बाजूला केली. पोरीचा मुहूर्त चुकाय नगं म्हून आलो, अन् हितं ह्यो पानावर!"

तात्यांनी हात जोडले. वहिनींनी पुन्हा चुली पेटवल्या. मुहूर्त सापडला, पण वाजंत्री कुठली? तात्यांनी एक पितळी परात आणून माझ्या हातात दिली. "वाजीव!"

कोटटोपीसकट मी ती परात अक्षतांपासून वरातीपर्यंत बडवली. शकू बोहल्यावर पदरात तोंड लपवून हसत होती.

आजही किकवीला गेलो की बाया विचारतात, "भावजी, पाऊस यील का?"

मी म्हणतो, "छे, मुळीच नाही!"

की सगळ्या धावत जाऊन वाळवण गोळा करतात.