एका कट्ट्याची आमटी

प्रशिकनं आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासली ती वयाच्या चोविसाव्या वर्षी, आणि त्यातही एका कपाचा कान मोडला. निपाणीच्या घरी त्याच्या हाताला कधी राख लागली नव्हती की पीठ. आई कोंडाबाई विड्या वळायची, थोरली बहीण सुविधा नवव्या वर्षापासून चूल सांभाळायची आणि प्रशिकनं पुस्तक घेऊन बसायचं, अशी त्या घरात कामाची वाटणी होती. वडील तो लहान असतानाच गेले होते. "तू उठू नगंस, तू वाच," हे वाक्य त्यानं इतक्या वेळा ऐकलं होतं की ताटात मीठ कमी पडलं तरी उठून घ्यावं हे त्याला सुचायचंच नाही. कुणीतरी आणून देईल म्हणून हात ताटात धरून तो बसून राहायचा. यात त्याचा दोष होता असं नाही, आणि अजिबात नव्हता असंही नाही.

डिप्लोमा झाला आणि बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली. काम मापं तपासायचं. पंपाचे लोखंडी सुटे भाग तयार होऊन यायचे, ते एकेक मोजायचे आणि केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक असला तरी नग बाजूला काढायचा. या कामात पोरगा वाकबगार होता. राहायला वडगावात मनुबाईंच्या घराची माडी मिळाली. खाली मनुबाईंचे दोन यंत्रमाग दिवसभर खडखडायचे. पहिले चार दिवस कामावरून आल्यावर त्याला त्या आवाजानं डुलकी लागेना, आणि पाचव्या दिवसापासून माग थांबला की दचकून जाग यायला लागली.

आईनं बरोबर दिलेली डेचकी, परात, तवा, सगळं फळीवर नीट मांडलेलं होतं. मांडलेलंच होतं. दोन्ही वेळचं जेवण हॉटेलात. दोन महिन्यांत पोटानं हात टेकले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस सलाईन लावून पडावं लागलं. मनुबाईंनी निपाणीला फोन केला. तिसऱ्या दिवशी प्रशिक उठून बसला तेव्हा आईचा निर्णय झालेला होता.

"मी येती तिकडं. तुला करून घालती. हितं तरी माझं काय हाय?" कोंडाबाई फोनवर म्हणाली.

खरं सांगायचं तर प्रशिकला बरं वाटलं. गरम भाकरी, धुतलेले कपडे, विचारायचं काही काम नाही. संध्याकाळी त्यानं ही बातमी सुविधाला फोन करून खुशीत सांगितली, वर आईचं तरी तिथं काय हाय असंही म्हणाला. सुविधा कोल्हापूरला एका दवाखान्यात नर्स होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग बोलली ते चांगलंच बोलली.

"आईचं तिथं काय हाय म्हणतूस? यंदा विहारात ग्रंथ वाचणाऱ्या बायकांत तिचं नाव आलंय. ठाऊक हाय तुला?"

प्रशिकला ठाऊक नव्हतं. आई दोन वर्षांपासून विहारातल्या साक्षरता वर्गाला जाते एवढं त्याला माहीत होतं, पण ते चार बायकांत जीव रमावा म्हणून, अशी त्याची समजूत होती. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विनी पौर्णिमेपर्यंत गल्लीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. आजवर वाचायला पुरुष बसायचे, नाहीतर कॉलेजची पोरं. यंदा बायकांनी ठरवलं की पाच जणींनी आळीपाळीनं वाचायचं, आणि त्या पाचांत बावन्न वर्षांची कोंडाबाई होती, जिनं स्वतःचं नाव पन्नासाव्या वर्षी लिहिलं.

"रोज मला फोनवर वाचून दाखवती. बोट ठेवून वाचती. तुला सांगायला लाजती, तू शिकलेला म्हणून," सुविधा म्हणाली. "आता तुझ्या भाकरीपायी तिचं नाव दुसरीला देऊन टाक म्हणावं."

प्रशिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं लगेच आईला फोन लावला आणि येऊ नकोस म्हणून सांगितलं. पण कोंडाबाई सलाईनच्या बाटलीला भ्यायली होती, ती ऐकेना. शेवटी घासाघीस होऊन असं ठरलं की पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी ती बेळगावला येणार आणि त्याच्या हातचं जेवणार. पोटाला चालेल असं जेवण त्याला करता आलं तर ती परत जाणार. नाही आलं, तर विहारात नाव काढायला सांगून बेळगावातच राहणार. प्रशिकच्या हातात एक महिना होता.

मग शिकवणी सुरू झाली, फोनवर. आई सांगायची आणि प्रशिक वहीत लिहून घ्यायचा. इथं एक गोष्ट सांगायला हवी. कोंडाबाईनं जन्मात कधी घड्याळ बघून स्वयंपाक केलेला नाही. चुलीवर डेचकी चढवायची, शेजारी पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, आणि किती विड्या झाल्या त्यावरून काय शिजलं ते ओळखायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. ती सांगायची तेही तसंच.

"डाळ सकाळी भिजत घाल. सांजच्याला डेचकीत शिजाय ठेव. एका कट्ट्यात मऊ होती."

"आणि भात?"

"भाताला अर्धा कट्टा. वांग्याला अर्ध्याला चार कमी. लई ढवळू नगंस."

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण प्रशिकला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. तो तर कट्ट्यांतच वाढला होता. आठवीत असताना विज्ञानाच्या प्रकल्पासाठी त्यानं आईशेजारी बसून घड्याळ लावलं होतं: एक कट्टा बरोबर पंधरा मिनिटं. गल्लीत तिच्याएवढा चपळ हात कुणाचा नव्हता. त्यामुळे त्यानं वहीत आकडे मांडले. आमटी पंधरा मिनिटं. भात साडेसात. वांगं सहाच्या आत. शेजारी फोनचा गजर लावला आणि मापं तपासणाऱ्याच्या रुबाबात गॅस पेटवला.

डाळ खड्यासारखी राहिली. भाताचा दाणा दाताखाली कचकचला. वांग्याची तर भाजी म्हणायची की कोशिंबीर, हाच प्रश्न होता. प्रशिकनं गॅसला दोष दिला आणि दुसऱ्या दिवशी आच वाढवली, तर खालून करपलं आणि वरून कच्चंच. मग पाण्याला दोष दिला. मग डाळीला. खडेबाजारात जाऊन चांगल्यातली म्हणून दुसरी डाळ आणली, तीही तशीच. दरम्यान झाडणं, लादी पुसणं, कपडे धुणं हे जमत चाललं होतं. पांढऱ्या बनियनला लाल चादरीचा रंग बसला तो सोडला तर मोठं नुकसान नव्हतं. भाकऱ्यांना गोलाई यायची होती, पण त्या भाजल्या तरी जात होत्या. शिजायचं तेवढं शिजत नव्हतं. पंधरा दिवस गेले. आई फोनवर विचारायची, "जमालंय न्हवं?" आणि तो "व्हय" म्हणायचा. खोटं बोलताना त्याचा आवाज बारीक व्हायचा, आणि आईला तो कळत असणार.

एका संध्याकाळी मनुबाई ताकाचा तांब्या घेऊन वर आल्या. तिथं प्रशिक कच्च्या आमटीसमोर गुडघे जवळ घेऊन बसला होता.

"काय करालास रं? अंधाराचं बसलायस?"

त्यानं वही पुढं केली. मनुबाईंनी ती उलटीसुलटी बघितली आणि परत दिली. मग त्यानं कट्ट्यांचा हिशोब तोंडी समजावून सांगितला. त्याला वाटलं, हसतील. त्या अजिबात हसल्या नाहीत.

"आमच्यात कांडीवर असतंय," त्या म्हणाल्या. मागाच्या धोट्यात सूत भरलेली कांडी असते, ती संपली की बदलावी लागते. "तीन कांड्या संपल्या की माझा भात होतोय. पण मी म्हातारी झाले तरी माग काय म्हातारा होत न्हाय, त्याला वीज हाय. तुझी आई कट्टा किती वेळात वळती?"

"पंधरा मिनिटात. मी स्वतः मोजलंय, मनुआक्का."

"कवा?"

"आठवीत असताना."

मनुबाईंनी ताक ठेवलं आणि जिना उतरून गेल्या. खाली माग सुरू झाला. प्रशिक मात्र तिथंच बसून राहिला. कारखान्यात नव्यानं आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात: सगळेच नग सारख्याच फरकानं चुकत असतील तर नग तपासू नका, माप तपासा. तीन महिन्यांपूर्वी हे त्यालाही शिकवलं होतं. दहा वर्षं जुनं माप घेऊन तो डाळीला शिव्या देत होता.

रविवारी तो न कळवता निपाणीला गेला. कोंडाबाई उंबऱ्याशी सूप घेऊन बसली होती. तो शेजारी बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि वळून झालेल्या विड्या लहानपणीसारख्या दोऱ्यानं बांधून द्यायला लागला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तो चोरून बघत होता. आईच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. पान गुंडाळताना मध्येच ती थांबायची, बोटं उघडझाप करायची आणि काहीच झालं नाही अशी पुढची विडी घ्यायची. कट्टा पुरा व्हायला पंचवीस मिनिटं लागली. प्रशिकला रडू आलं. तंबाखूच्या धुळीनं डोळे चुरचुरतायत असं तो म्हणाला, आणि त्या घरात ते खपून गेलं.

परतीच्या बसमध्ये त्याला एकच वाटत होतं, आईला घेऊनच यावं. पण त्यानं पुढचा विचार केला तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली. इथं आणून तो तिच्या मांडीवरचं सूप काढणार आणि हातात लाटणं देणार, एवढंच होणार होतं. वर तिचं वाचन जाणार होतं. घरी आल्यावर त्यानं वहीतले सगळे आकडे खोडले. आमटी पंचवीस मिनिटं. भात साडेबारा. त्या रात्री डाळ बोटानं चेपली तर लोण्यासारखी मऊ झाली होती. चांगलं शिजलेलं अन्न खाताना माणसाला एवढं वाईट वाटू शकतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

ठरलेल्या रविवारी कोंडाबाई आली. पिशवीत चटणीची बरणी होती आणि फडक्यात गुंडाळलेला ग्रंथ. आल्या आल्या तिनं फळीवरून बोट फिरवून धूळ बघितली, पाण्याच्या घागरीत डोकावून बघितलं, मोरीत बघितलं, आणि काहीच सापडलं नाही म्हणून जराशी हिरमुसली. मग ती पदर खोचून गॅसकडे निघाली.

"तू उठू नगंस," प्रशिक म्हणाला. "तू वाच."

कोंडाबाई थबकली. मग खुर्चीवर टेकली. मांडीवर सूप नसलं की हातांचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. थोडा वेळ तिनं ते पदराखाली ठेवले आणि मग ग्रंथ उघडला. वीज गेल्यामुळे खालचे माग बंद होते, त्यामुळे तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. एकेका अक्षरावर बोट ठेवून, जोडाक्षरापाशी श्वास घेऊन, चुकलं की मागं जाऊन ती वाचत होती. प्रशिक पाठमोरा उभा राहून भाकरी थापत होता आणि ऐकत होता.

आमटी झाली, भाकरी झाली. त्यानं ताट वाढलं आणि तव्यावरची भाकरी थेट तिच्या ताटात टाकली. कोंडाबाईनं ती मोडली, वाफ आली, आणि ती नुसती बघत राहिली.

"काय झालं? कच्ची हाय?"

"न्हाय रं. सगळ्यांची झाल्यावर जेवायची सवय. मला कवा ऊन भाकरी मिळाली न्हाय." तिनं पदरानं डोळे पुसले आणि जेवायला लागली. दुसरी भाकरी स्वतःहून मागून घेतली. आमटीत मीठ कमी आहे असं सांगितलं. प्रशिक उठला आणि मीठ घेऊन आला.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आई, तुझा कट्टा आता पंचवीस मिनिटांचा झालाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"आमटीनं सांगितलं. पंधरा दिवस कच्ची व्हालती."

कोंडाबाईनं अंगठा मुठीत लपवला, मग परत बाहेर काढला. "हात हाय, थकणारच की. सांगून काय तू वळणार हुतास?" ती हसली. विड्यांचं काम निम्म्यानं कमी करायचं तिनं कबूल केलं, पण एकदम सोडणार नाही म्हणाली. मग पिशवी आवरता आवरता तिनं विचारलं, "निपाणीची गाडी कितीला हाय? पौर्णिमेआधी विहार झाडून घ्यायचाय." म्हणजे निकाल लागला होता. जाताना दारात उभी राहून ती म्हणाली, "तुझी आमटी होईस्तोवर माझ्या अठरा ओळी झाल्या. मोजल्या मी."

तेव्हापासून त्यांचं माप बदललं. कढी कशी करायची, शेंगाची चटणी कशी कुटायची, असलं काही विचारायला तो फोन करायचा आणि ती ओळींत सांगायची. प्रशिकनं वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: आमटी, अठरा ओळी. सुविधाला हे कळल्यावर ती म्हणाली की या घरात घड्याळं विकून टाका.

अश्विनी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कोंडाबाईचा फोन आला. ग्रंथ पुरा झाला होता. शेवटचा भाग तिनं वाचला होता, आणि माणसं उठून न जाता बसून राहिली होती. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि ते वहीत लिवलंयस न्हवं, ते बदल."

"काय बदलू?"

"काल डाळ ठेवून वाचत बसलते. डाळ मऊ झाली तवा ओळी मोजल्या. बेचाळीस. डाळ तीच हाय, प्रशिक. डेचकीबी तीच हाय."

प्रशिकनं फोन कानाला धरूनच वही काढली, अठरा खोडले आणि बेचाळीस लिहिले.