स्काऊट म्हणजे ऐकणारा

माझ्या थोरल्या मामांइतकं कमी ऐकणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि ऐकण्याविषयी त्यांच्याइतकं बोललेलाही कुणी नसेल. मलकापूरच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. एकदा नागपूरला स्काऊटमास्तरांच्या शिबिराला गेले आणि खाकी चड्डी, शिट्टी व एका शब्दाची व्युत्पत्ती घेऊन परतले. 'स्काऊट' हा शब्द म्हणे लॅटिनातून फ्रेंचात आणि तिथून इंग्रजीत आला. मूळ अर्थ, कान देऊन ऐकणारा. झालं, तेव्हापासून मामांनी गावाचे कान किटवले. स्काऊटला 'बालवीर' असं कुणी म्हटलं की त्यांचं पित्त खवळे. त्यात कान कुठे आहे, असा त्यांचा सवाल. कापसाच्या अडत्यापासून स्टेशनमास्तरापर्यंत कुणी सुटलं नाही. घरात मात्र मीठ संपल्याचं मामी सांगत राहत आणि मामा अळणी वरणाबद्दल त्यांनाच बोल लावत.

त्यांच्या शांताला खामगावच्या एका वकिलाच्या मुलाचं स्थळ आलं. तिला शिकायचं होतं. तिने "बाबा" म्हणून तोंड उघडलं की मामा "आधी माह्यं आयक" म्हणत आणि मग तिचं राहूनच जाई.

पाहुणे मुलगी बघायला आले, तेव्हा मी मामांकडेच होतो. पोहे होताच मामांनी व्युत्पत्ती काढली. वकिलांना जांभई आली, तेव्हा मामांनी स्काऊटांचा खेळच मांडला: सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि काय ऐकू येतं ते सांगायचं. पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी आरतीला मिटावेत तसे डोळे मिटले. स्वयंपाकघराचं दार त्यांच्या पाठीशीच होतं. बैठकीच्या दुसऱ्या टोकाला मामा एकटेच, ऐकताना गप्प राहणं किती महत्त्वाचं, ते समजावत होते. मग शिट्टी फुंकून त्यांनी विचारलं, काय ऐकलं?

वकिलांनी सावकाश टोपी घातली. "मास्तर, तुमची पोरगी आत रडून राह्यली. आईले म्हणते, मले शिकायचं हाय, हे लगन नाही करायचं. तुमाले नाही आयकू आलं?"

पाहुणे गेले. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी कोपऱ्यात सरकलो. मामांनी गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला अडकवली, आत जाऊन चुलीपाशी पाटावर बसले आणि म्हणाले, "सांग माय. मी आयकून राह्यलो." शांता अडखळत बराच वेळ बोलली. मध्येच त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

शांता पुढे शिकली, शिक्षिका झाली. म्हातारपणी मामांना खरंच ऐकू येईनासं झालं. ती शाळेतून आली की ते कानामागे हात धरून तिच्यासमोर बसत आणि तिच्या ओठांकडे बघत राहत. तेव्हा मात्र मला त्यांची टिंगल करवत नसे.