तपासले नाही

भाईंना चहा विचारला तर ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. "अजून ठरवलं नाई," म्हणून स्क्रीनकडे वळत. शेवटी मीच चहा मागवायची, तो टेबलावर निवायचा, आणि मग भाईच विचारायचे, "थंडा काहून आणला?"

वाशीमच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात भाई, आमचे मुख्य प्रोग्रामर, रोज शेलूबाजारहून जीपने येत. मी कॉलेजातून नुकतीच प्रोग्रामिंग शिकून आले होते. माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेसाठी आम्ही प्रोग्राम लिहीत होतो. 'जस्त कमी आहे का' या प्रश्नापुढे मी एक चौकट ठेवली: टिक केली तर हो, नाही केली तर नाही. किन्हीराजा गावच्या एका नमुन्यात जस्त तपासलेलंच नव्हतं. चौकट रिकामी राहिली आणि प्रोग्रामने छापलं, 'कमतरता नाही'. प्रोग्रामच्या चाचणीच्या वेळीच भाईंनी ते पकडलं.

"बेटा, तुले मालूम नाई तं मालूम नाई म्हण ना. नाही कायले म्हणून राह्यली?"

त्यांनी तिसरं उत्तर घालायला लावलं: तपासले नाही. ऐकायला सोपं आहे. पण मग प्रत्येक अट नव्याने लिहावी लागली. जिथे दोन वाटा होत्या तिथे तीन झाल्या. दोन नमुने न तपासलेले असतील तर ते सारखे धरू का, असं मी वैतागून विचारलं.

"तुह्या घरी कोण पाहुणा आला मालूम नाई, माह्या घरी कोण आला मालूम नाई. म्हणून काय दोन्हीकडे एकच माणूस जेवून राह्यला?"

बाकीचे हसले. मी दातओठ खात अटी बदलत बसले.

पुढे भाईंचा आवाज बसला तो सुटेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी गळ्यातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगितलं. भाई गेले नाहीत. कुणी विचारलं की म्हणत, "काई नाई, कॅन्सर-बिन्सर काई नाई." चहालासुद्धा ज्यांना नाही म्हणवत नसे, ते भाई.

"तपासलं का?" मी विचारलं.

"नाई. पन काई नाई."

"मग नाही कसं म्हणता, भाई? तपासलं नाही म्हणा."

ते घोगरं हसले. "मी काय मातीचा नमुना हाओ?"

तपासणी झाली तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

भाई गेले त्याच्या चाळिसाव्या दिवशी मी शेलूबाजारला गेले. भाभींनी चहा पुढे ठेवला आणि समोर बसल्या. "बेटा, तू शिकेल हायस. येळेवर तपासलं असतं तं वाचले असते काय?"

हो म्हटलं असतं तर त्यांना जन्मभर सलत राहिलं असतं. नाही म्हणणं सोपं होतं, दयेचंही होतं. दोन्ही शब्द ओठांपर्यंत आले.

"माहीत नाही, भाभी," मी म्हणाले. मला त्या उत्तराचा राग आला. भाईंचा तर अजून येतो.

भाभींनी कप माझ्याकडे सरकवला.

"घे. थंडा होऊन राह्यला."