मागच्या डाव्या चाकाचा संशय

शिनोलीच्या भिमाजीचा कुणावरच विश्वास नाही. चहावाल्याच्या दुधावर नाही, माझ्या दुकानातल्या नव्याकोऱ्या फ्यूजवर तर मुळीच नाही. मीटर लावून बघितल्याशिवाय एक फ्यूज घेत नाही. वीस वर्षं शेजारी दुकान आहे माझं, कधीकधी अंगाचा तिळपापड होतो. पण गाडीच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा या रस्त्याला दुसरा कुणी नाही, हेही खरं.

परवा पिंपरी पेंढारचा कुंडलिक त्याच्याकडे आला. गाडी चार महिन्यांची, आणि एबीएसचा पिवळा दिवा सारखा पेटायचा. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ नयेत म्हणून ही सोय; दिवा पेटला की ती बंद. दोन गॅरेजांनी सेन्सर बदलून हात टेकले होते. कुंडलिकच्या खिशात मात्र पोलिसांत द्यायचा अर्ज होता, सख्ख्या थोरल्या भावाविरुद्ध.

"जानकूनं वायर कापली," तो म्हणाला. "विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं दोन वर्सं आमी बोलत न्हाई. गाडी आली त्या दिशी त्यो खाली शिरला व्हता, म्या डोळ्यांनी बघितलं. परवा लेण्याद्रीला निघालो आन् ओल्या उतारावर गाडी घसरली. लेकरं व्हती राव आत! तुमी फकस्त 'वायर कापली' एवढं लिहून द्या."

लेकरांचं ऐकून मी भिमाजीकडे वळलो. "देऊन टाक लिहून," मी म्हणालो.

भिमाजीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू वायर मीच कापली असावी. "कापली असती तर दिवा कायम पेटला असता. ह्यो पेटतोय, इझतोय."

त्यानं स्कॅनर जोडला. मागच्या डाव्या चाकाचं नाव आलं.

"बघा!" कुंडलिक ओरडला.

"मशीन चहाडी करतं, पावणं. साक्ष देत न्हाई."

तो गाडीखाली गेला. सेन्सरच्या वायरीला मीटर लावला आणि वायर वीतवीतभर वाकवत निघाला. एका जागी आकडा उडाला. पुन्हा वाकवली, पुन्हा उडाला. मग खालूनच त्यानं विचारलं.

"पावणं, तुमचा भाऊ काय करतो?"

"मेंढरं राखतो. का?"

भिमाजी बाहेर आला. त्याच्या हातात चिखलानं माखलेली काळ्या लोकरीची दोरी होती. मधे एक कवडी ओवलेली, आणि वरून बांधकामाची तार पिळलेली. त्या तारेनंच घासून घासून वायरीचं कातडं सोललं होतं. आतला तुटका धागा खड्ड्यागणिक सुटायचा, जुळायचा.

कुंडलिकनं दोरी बोटांनी पुसली. नव्या कोकराला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधतात तसलीच ती होती. पीळ त्यानं बोटानं चाचपला.

"दादाच्या हातची हाय," तो म्हणाला. इतका वेळ तो नुसतं जानकू म्हणत होता.

भिमाजीनं वायरीला नवा जोड दिला. दिवा विझला तरी त्यानं दोन चकरा मारून खात्री केली. तोवर कुंडलिकनं अर्ज फाडला, फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "दादा, गाडीला तार कशाला बांधलीस रं?"

पलीकडून जानकूचा घाबरा आवाज आम्हालाही ऐकू आला, "दोरी हाय ना अजून? पडली तर न्हाई?"

कुंडलिकनं दोरी भिमाजीपुढे धरली. भिमाजीनं त्याच्या हातातला फोन घेतला. "हाय, जानकूभाऊ. जागा तेवढी बदलून बांधतो."