गाडीचा मुलूख

माझा भाऊ पुण्यात एका गॅरेजात परदेशी गाड्या दुरुस्त करायचा. साध्या नव्हेत. दोनच माणसं बसतील अशा, पोट जमिनीला टेकतंय की काय असं वाटणाऱ्या, ज्यांना स्पोर्ट्स कार म्हणतात त्या. त्यानं पहिल्यांदा तसल्या एका गाडीचा फोटो मोबाईलवर आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, दाखवला, तेव्हा आबांनी मोबाईल आधी लांब धरला, मग जवळ आणला. किंमत विचारली नाही, वेग विचारला नाही. विचारलं, "कोन्या मुलखाची?"

"इटलीची."

"तिकडं जमीन कशी हाय?"

भाऊ हसत सुटला. मलाही हसू आलं. पण आबांचा प्रश्न त्यांच्या परीनं बरोबरच होता. आमचं घराणं मेंढपाळांचं. आजोबांची हयात कळपामागं फिरण्यात गेली. आबांनी युसूफ वडगावच्या शिवारात थोडी जमीन घेतली, मेंढ्या कमी केल्या, बैल ठेवले. जनावर पाहायची नजर मात्र तशीच राहिली. बाजारात बैलासमोर उभे राहिले की दात आणि खूर नंतर. आधी मालकाला विचारायचे, वाढला कुठं? गंगथडीच्या काळ्या मातीतला बैल अंगानं भरतो पण दगडधोंड्याला कचरतो. बालाघाटातला लहानखुरा, पण खुराचा टणक आणि मनाचा हट्टी. चाऱ्यातून, पाण्यातून, पायाखालच्या जमिनीतून जनावराचा स्वभाव घडतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मग लोखंडाच्या जनावराला वेगळा न्याय का लावायचा?

आई आम्ही लहान असतानाच गेली. मी जवळच्या शाळेत शिकवते, म्हणून घरी आबांसोबत मीच. आम्ही दोघंही कमी बोलणारे. भाऊ सुट्टीला आला की घराला आवाज फुटायचा, आणि जेवणं झाली की हाच विषय निघायचा.

"बरं, इटलीची कशी असती?"

"इटलीची म्हंजे मानाचा बैल, आबा. पोळ्याला पुढं काढावा, सगळ्या गावानं बघावा. पेरनीच्या दिवशी मात्र आंग चोरतो."

"अन् जर्मनीची?"

"शिस्तीची. चूक करू देत न्हाई, अन् केलीच तर माफ करत न्हाई."

"तुज्या आक्कावानी."

"मी इथंच बसलेय हां," मी म्हणायची.

"इंग्लंडची तेल गाळती. जिथं उभी ऱ्हाईल तिथं खूण ठिवून उठती," भाऊ पुढं म्हणायचा.

"अन् जपानची?"

"घरची गाय. लाथ न्हाई, नखरा न्हाई. सांजसकाळ दूध."

"मंग तीच घ्यावं की मान्सानं!"

"तीच तर गंमत हाय. लोक पैसा द्यायलेत तो नखऱ्याला."

आबा मान हलवायचे. आपलंच म्हणणं पोरगा शहरातून शिकून आलाय, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा.

पण पुढं त्याचं मत बदललं. रोज गाड्यांची पोटं उघडणाऱ्याचं बदलणारच. एकदा एका जर्मन गाडीखाली झोपून काम करताना त्याला दिसलं, की दिव्याची काच एका देशाची, वायरी दुसऱ्याच देशाच्या, आणि एका नळीवर तर आपल्या चाकणचा शिक्का. गाडीखाली एकटाच हसत पडलो होतो म्हणाला.

"आबा, देश नुसता नाकावरच्या बिल्ल्यात ऱ्हायलाय. गाडी चांगली कावून असती? कुन्या एका मान्सानं नट आवळताना कंटाळा केला न्हाई म्हनून. मुलूख-बिलूख काई न्हाई. हात."

"हात तर लागतोच. पर बीडची छागल बीडातच कावून व्हायची? दुसरीकडल्या मान्साला हात नव्हते का?"

"करनारी मान्सं तिथं हुती म्हनून."

"अन् ती मान्सं तिथंच कावून हुती?"

भाऊ अंथरूण घालायला उठला. छागल म्हणजे पाणी गार ठेवणारी कातड्याची पिशवी. आमच्या लहानपणी आबांच्या खांद्याला असायची. आता बीडात ती सहज मिळत नाही. मुलूख जागेवर आहे, हात गेले. हे मी तेव्हा बोलले असते तर भाऊ जिंकला असता. पण मला सगळं उशिरा सुचतं.

एका दिवाळीला तो टेम्पोत घालून एक गाडीच घेऊन आला. जर्मनीची, दोन सीटांची, पुराच्या पाण्यात बुडून भंगारात निघालेली. चिखलाखाली कुठं कुठं रुपेरी रंग दिसत होता. आबांनी नुकतेच बैल विकले होते. गोठा रिकामा होता, तिथंच ती उतरवली. बघायला निम्मी गल्ली जमली. शेजारचे तात्या गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "काय बे, ही बसायची हाय का निजायची?"

"बसायची, तात्या."

"शेळी उंच हाय की रं हिच्यापरीस! आपल्या रस्त्यात खड्ड्यात बसली तर वर कोन काढनार?"

"तुमी हायेत की."

पुढची काही वर्षं त्याची प्रत्येक सुट्टी त्या गोठ्यात गेली. इंजिन त्यानं सुटं करून पोत्यांवर मांडलं आणि पुन्हा जोडलं. एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, मिळेना, तो तालुक्याला केजच्या लेथवर करून आणला. सीटची कुजलेली कातडी काढून तिथल्याच एका कारागिराकडून नवी शिवून घेतली. टाके पसंत पडले नाहीत म्हणून एकदा उसवायला लावली. समोरची लाकडी पट्टी पाण्यानं फुगली होती. तिच्या जागी बाभळीची पट्टी बसवली, काचेच्या तुकड्यानं तासून तासून. मी शाळेतून आले की तिथं उलट्या घमेल्यावर बसून वाचत असायची. तो काम करता करता मधेच म्हणायचा, "आक्का, मोठ्यानं वाच की." मग मी मोठ्यानं वाचायची. त्याला पुस्तकात फारसं काही वाटत नसे. माझ्या आवाजाची सोबत लागायची.

"जर्मनीत हिला आता कोणी ओळखायचं नाही," मी एकदा म्हणाले.

"तेच बघायचंय मला. एवढे आपले हात लागल्यावर ती कुनाची ऱ्हाती."

गाडी चालू झाली त्या दिवशी तो आबांना शेजारी बसवून शिवेपर्यंत जाऊन आला. आबा फेटा मांडीवर घेऊन बसले होते, कारण डोक्यावर ठेवला तर छताला लागत होता. उतरताना आम्ही दोघांनी त्यांना दोन हातांना धरून वर ओढलं.

"कशी वाटली?"

"शिस्तीची हाय. तू म्हनला हुतास तशीच. जर्मनच हाय."

"आबा, निम्मी केजची हाय ती!"

"झूल आपली घातली म्हनून बैल आपल्या घरचा व्हतो का?"

"बघू. आनखी दोन-चार वर्सं जाऊ द्या, मंग सांगा."

ती वर्षं त्याला मिळाली नाहीत. रक्ताचा आजार निघाला. पुण्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. का सांगितलं हे तिघांनाही कळत होतं. त्याची खाट ओसरीत टाकली होती. तिथून गोठ्यातली गाडी दिसायची. हात इतके बारीक झाले होते की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. एका सकाळी तो आबांना म्हणाला, "तिला वाळू देऊ नका. बघत जा."

"बघतो की. तू हो बरा."

थंडी सुरू होताना तो गेला.

त्यानंतर आबा रोज सकाळी गोठ्यात जाऊ लागले. पोरानं बघायला सांगितलं होतं, आणि उभ्या राहिलेल्या वस्तूची काळजी कशी घ्यायची याची एकच रीत त्यांना माहीत होती. काम नसलेल्या दिवसांत बैलांचा साज तेलावर ठेवायचा. चामड्याच्या वाद्या, घुंगरांचे पट्टे, सगळ्याला करडईचं तेल चोळायचं, नाहीतर ते वाळतं आणि ऐन पेरणीत तुटतं. तसं ते वाटीत तेल आणि सुती फडकं घेऊन बसायचे. बॉनेट कसं उघडायचं हे भावानं दाखवलं होतं. आत जे जे काळं, जे जे वाकणारं दिसेल, ते त्यांच्या दृष्टीनं वादीच. इंजिनाचा पट्टा, पाण्याच्या नळ्या, सगळ्याला ते बोटांनी तेल जिरवायचे. जिरवताना काहीतरी बोलत असायचे. मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायचे.

सबंध हिवाळा आणि सबंध उन्हाळा हे चाललं. मला ते बरं वाटायचं. ज्या माणसाला रडता येत नव्हतं, त्याच्या हातांना निदान काम होतं.

आखाडात भावाचा मित्र आला. त्याच गॅरेजातला, साताऱ्याकडचा. भाऊ आणि तो एकाच खोलीत राहायचे. आबांनीच मला त्याला फोन करायला लावला होता: एकदा येऊन गाडी चालू करून दे, तिचा आवाज ऐकायचाय. येताना तो नवी बॅटरी घेऊन आला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला, आणि पाहुणा चहा प्यायच्या आत त्याला गोठ्यात नेलं.

मित्रानं किल्ली फिरवली. पहिल्यांदा तो ओळखीचा, खालच्या पट्टीतला आवाज आला. आणि लगेच आतून अशी किंकाळी निघाली की बाहेरच्या कोंबड्या उधळल्या. मित्रानं गाडी बंद केली. बॉनेट उघडून वाकला. पट्ट्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. नळ्या दाबून पाहिल्या. त्या ठिकठिकाणी फुगल्या होत्या, मऊ पडल्या होत्या. मग त्याची नजर भिंतीच्या देवळीतल्या तेलाच्या वाटीवर गेली. तिथून माझ्याकडं आली. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं.

"काय झालं?" आबा म्हणाले. "म्या तर रोज बघत हुतो. एक दिस चुकवला न्हाई. माज्याकडून काई..."

त्यांचे हात पुढं आले होते, तळवे वर केलेले. तेलानं नखांच्या कडा काळ्या झालेल्या.

मित्रानं फडक्याला हात पुसायला बराच वेळ लावला.

"नाही काका, तुमचं काही नाही. हे रबर जर्मनीचं. तिकडच्या थंडीसाठी केलेलं असतं. आपल्या बीडच्या उन्हात टिकत नाही."

आबांनी श्वास सोडला. "म्हंजे मुलूख."

"मुलूखच, काका."

आबा दगडावर बसले. आधी त्यांचा चेहरा सैल झाला, जवळजवळ हसरा. "म्या म्हनलं नव्हतं? त्याला किती येळा म्हनलं. त्यो म्हनायचा हात, म्या म्हनायचो मुलूख." मग त्यांनी फेट्याचा शेव तोंडावर धरला. भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच. "आज म्या जितलो, अन् सांगावं कुनाला?"

मित्र मला घेऊन बाहेर आला, भिंतीशी उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, रबराला तेल चालत नाही. फुगतं, घसरतं. मी सगळं बदलून देईन. पण काकांना सांगायचं का?"

"नाही."

"आणि खरं सांगू? तो पट्टा जर्मनीचा नव्हताच. जर्मनीचा महाग पडला म्हणून त्यानं पुण्यातल्या दुकानातून आपल्याकडचाच आणला होता. मीच सोबत होतो."

त्यानं आत जाऊन आबांना सांगितलं की आता इथलं रबर टाकू, त्याला तेलपाणी लागत नाही, नुसतं कोरडं पुसलं की झालं. पुढच्या महिन्यात येऊन त्यानं सगळं बसवून दिलं. गाडी चालू झाली, आवाज पूर्वीसारखा निघाला. आबांनी तो मान खाली घालून ऐकला. आता ते रोज कोरड्या फडक्यानं पुसतात. पाच मिनिटांत काम संपतं. मग हात मांडीवर ठेवून तिथंच बसून राहतात.

मी रात्रंदिवस पुस्तकांत असते, तरी हात की मुलूख, याचं या गाडीसारखं उत्तर मला कुठं वाचायला मिळालं नसतं. गाडीत आपण होऊन काहीही बिघडलेलं नाही. केजचा बुश हललेला नाही, सीटचा एक टाका उसवलेला नाही, बाभळीच्या पट्टीला चीर नाही. तेल जिरलं तेवढं रबर सोडलं, तर भावानं ज्याला ज्याला हात लावला, ते सगळं जसंच्या तसं आहे. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं होतं हे सिद्ध करायचं तर मला आबांना सांगावं लागेल की त्याचं शेवटचं काम कोणाच्या हातानं नासलं.

आबा आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. सांत्वनाला उशिरा येणारं कोणी असतं, कडा, चौसाळा अशा गावांकडचे पाहुणे असतात. त्यांना ते गोठ्यात नेतात, गाडी दाखवतात आणि म्हणतात, "पोरगं लई हुशार. पर ह्या एका गोष्टीत चुकलं. म्हनायचं, मुलखाला काई अर्थ न्हाई. न्हाई कसा? हिला इचारा, शिकेल हाय."

पाहुणे माझ्याकडं पाहतात. आबाही पाहतात, वाट बघत.

"हो आबा," मी म्हणते. "चुकलाच तो."